माझ्या दारात न आलेलं दाताळं

बाय, तुम्हाला पोचवून आलेल्या सगळ्या माणसांनी त्या दुपारी अंघोळी केल्या आणि ते सगळं पाणी गटारातल्या तुमच्याच जाळीवर येऊन थांबलं. त्या दिवसानंतर जाळी कुणी काढली नाही. जाळीमागे गटारात घोटाभर पाणी तुंबलं, मारुतीच्या देवळापर्यंत वास यायला लागला, आणि माणसं नाकाला रुमाल लावून तुमच्या आठवणी काढायला लागली. बाय होती तोवर कळलं नाही, असं जो तो म्हणतो. मला या वाक्याचा इतका राग येतो की मी उठून आत जाते. आत जाऊन काय करायचं ते सुचत नाही, म्हणून पुन्हा बाहेर येते. अकरा दिवस माझं हेच चाललं होतं. तुमचे दीर, म्हणजे आमचे हे, म्हणाले, एका जागी बस जरा. बसायला जागा कुठली? आपल्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि ओटीवर बसलं की समोर तुमची पडवी, पडवीच्या खांबाला टेकवलेलं, जाळीवरचा कचरा ओढायचं ते दाताळं.

सगळं गाव तुम्हाला बाय म्हणायचं, म्हणून मीही थोरल्या जावेला बायच म्हणत आले. तुम्ही मला नावाने एकदाही हाक मारली नाहीत. 'मास्तरीन' म्हणायच्यात, क्वचित कौतुकाने आणि एरवी चिडवायला. मी पनवेल शहरातली, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. तुम्ही उरणकडच्या खारपट्टीतल्या, सही करण्यापुरत्या अक्षरांच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या बाईशी आपलं काय बोलणं होणार. पुढे पंचवीस वर्षं आपण भांडलो. न बोलणाऱ्या माणसांना इतकं भांडता येत नाही.

तळ्याची गोष्ट तुम्हाला काय सांगायची. पण मला ती पुन्हा मनात लावून घ्यायची आहे, कारण माझी चूक नक्की कुठे सुरू झाली ते सापडत नाही. विचुंबेकडे टॉवर उगवायला लागले तसे आपल्याही गावात चाळी उठल्या, भाडेकरू आले, घरोघर मोरीत नळ आला. सगळ्या मोऱ्यांचं पाणी गटारातून तळ्यात. तळं आधी हिरवं झालं, मग काळं. एका वर्षी गणपती घेऊन पाण्यात उतरायला पोरं तयार होईनात, काठावरूनच मूर्ती ढकलल्या, आणि तुम्ही ते बघून तोंड फिरवलंत. मग सांडपाण्याची ती योजना आली. साहेब लोकांचं मराठी गावाला समजेल अशा मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेतून फळा आणला आणि देवळात चित्र काढलं. आधी जाळी, तिथे कचरा अडेल. मग टाकी, तिथे गाळ खाली बसेल. मग खडीचा लांब वाफा, त्यात कर्दळ लावायची. खडीला आणि मुळांना धरून राहणारे जिवाणू पाण्यातली घाण खातील आणि नितळ पाणी तळ्यात जाईल. वीज नको, मोटार नको. चित्र सुरेख झालं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही वाजवल्या नाहीत. तुम्ही बायकांच्या घोळक्यातून विचारलंत, "जाली कोन काढनार?"

चित्रात जाळी होती, जाळी काढणारं माणूस नव्हतं. मी गडबडले. तेव्हा आपल्या पलीकडच्या घरचे दत्तूभाऊ मला सावरायला धावले. ते एके काळचे सरपंच, त्यांना प्रत्येक गोष्टीवर तोड माहीत असते. म्हणाले, त्यात काय, टेकडीखालच्या कातकरवाडीतलं कुणीतरी लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, बाय. तुम्ही पाहिलंत ते.

मग तुम्ही उभ्या राहिलात. पदर खोचलात आणि तुमच्या वडलांची गोष्ट सांगितलीत. ते खाऱ्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला आपोआप मिटून समुद्राला बाहेर ठेवायचं. उधाणाला बांध फुटला की तुमचे वडील बांधावरून हाळी द्यायचे आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचं. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याचं माणूस. गडी पाठवलेला चालायचा नाही. आता तो बांध राहिला नाही, जमीन न्हावा शेव्याच्या बंदरात गेली, पण तुम्ही ती रीत जशीच्या तशी आमच्या देवळात आणून ठेवलीत. "खारं पानी कुनाचा घर बघून येत नाय," तुम्ही म्हणालात, "आन् घान बी नाय. ज्याची मोरी, त्याचा मानूस."

माझ्या फळ्यावरच्या चित्रापेक्षा ते वाक्य लोकांना जास्त पटलं. थोडी लाजही वाटली असेल. पाळ्या ठरल्या. आपल्या आळीची एकवीस घरं, रोज सकाळी एक घर. यादी करून देवळात लावायची मी तयारी केली तर तुम्ही हसलात. यादी कोण वाचतंय? तुम्ही नवं दाताळं आणलंत, लांब दांड्याचं, आणि नेम घालून दिलात: ज्याने आज जाळी काढली त्याने दाताळं धुऊन संध्याकाळी पुढच्या घराच्या दारात उभं करायचं. दारात दाताळं दिसलं की समजायचं, उद्या आपण. बोलावणं नको, आठवण नको. पहिले काही महिने ते दाताळं देवाच्या पालखीसारखं आळीतून फिरलं. दत्तूभाऊसुद्धा पायात गमबूट घालून उतरले आणि नंतर आठवडाभर सगळ्यांना ते बूट दाखवत होते.

माझी पहिली पाळी आली तेव्हा शाळेत परीक्षा होती. तुमचे दीर गेले माझ्याऐवजी. दुसऱ्या वेळी मला ताप होता. खरंच होता, पण जाळी काढण्याइतकी ताकद होती. तिसऱ्या वेळी पुन्हा हे गेले.  घरटी एक माणूस, आणि हे माझ्याच घरचं माणूस होते. नियमात बसत होतं. तुम्ही नियमाबाहेर कुणाला कधी बोल लावला नाहीत.

आपली पाळी नसली तरी तुम्ही रोज सकाळी तिकडे एक फेरी मारायच्यात. रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी जाळीवर माशांचे खवले आणि कोळंबीची सालं. श्रावणात जाळी सोवळी. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचं पोर आजारी आहे, हे तुम्हाला त्या घरच्यांच्या आधी कळायचं. आणि तुम्ही ते कधीही कुणाला सांगितलं नाहीत. एवढ्या गावात एवढं तोंड मिटून ठेवणं मला जमलं नसतं.

एकदाच सांगितलंत, आणि ते मला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तुम्ही हात पुसत आलात आणि म्हणालात, "मास्तरीन, केसं लय गलतान तुजी. दाक्तरला दाखव." मी विचारलं, तुम्हाला काय माहीत. तर म्हणे, "आलीत मेंदी लावनारी तूच एक." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे केस, मोरीतून वाहून गेलेले, तुम्ही रोज जाळीवर पाहत होतात आणि मनाशी मापत होतात. चार दिवस मी तुमच्यावर धुसफुसत होते. पाचव्या दिवशी पनवेलला जाऊन रक्त तपासलं. थायरॉइड निघालं. अजून रोज सकाळी उपाशीपोटी ती बारकी गोळी घेते आणि अजूनही गोळी घेताना तुम्ही आठवता. आभार मानले नाहीत तेव्हा. तुमचं बरोबर निघालं याचा राग आला होता.

तुमचं बरोबर निघायचं आणि तुम्ही ते मिरवायच्या नाहीत, हा तुमचा सगळ्यात मोठा दोष. उधाणाचंच घ्या. वाफ्याचा पाइप तळ्यात कुठे सोडायचा ते साहेबांनी मोजून ठरवलं होतं, मी स्वतः टेप धरली होती. तुम्ही बांधावर उभ्या राहून नुसतं बघत होतात. मग म्हणालात की पाइप खाली पडतोय, अवसेचं उधाण नाल्यातून तळ्यात येईल आणि तळ्यातून उलटं वाफ्यात. मी तुम्हाला पातळी म्हणजे काय ते समजावलं. चांगलं दहा मिनिटं समजावलं, वर्गात समजावते तसं. तुम्ही ऐकून घेतलंत. पुढच्या अवसेला खारं पाणी पाइपातून उलटं चढलं आणि महिन्याभरात कर्दळीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. साहेब म्हणाले रोग पडला, मी म्हटलं लोहाची कमतरता असेल. तुम्ही पान चावून थुंकलात आणि सुताराकडे गेलात. त्याच्याकडून हाताएवढं लाकडी झाकण करून घेतलंत, पाइपाच्या तोंडावर बिजागरीने टांगलंत. तुमच्या वडलांची उघाडी, फक्त खेळण्यातल्यासारखी लहान. ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. कर्दळ परत फुटली, लाल आणि पिवळी. आता बाहेरून बघायला येणारे लोक तिचेच फोटो काढतात. मी त्यांना सगळं समजावून सांगते. उघाडी कुणाची कल्पना, हेही सांगते, बाय. निदान तेवढं तरी मी चोरलं नाही.

आणि ती माठाची भाजी. तळ्याच्या कडेला तुम्ही माठ लावलात, चवळी लावलीत, तळ्याचं पाणी घातलंत आणि पहिली जुडी माझ्याकडे घेऊन आलात. मी घेतली, आणि संध्याकाळी गाईला घातली. तुम्ही ते अंगणातून पाहिलंत. दुसऱ्या दिवशी विचारलंत, "तुजं पानी वहीत शुद्ध हाय, ताटात नाय. व्हय गो?" मी तुम्हाला सांगितलं की पालेभाजीला हे पाणी घालू नये, फळझाडांना चालेल, ते शास्त्र आहे. ते शास्त्र आहेच. अजूनही मी तेच म्हणेन. पण शाळेत दोन बाटल्या ठेवून, एक आधीची एक नंतरची, मुलांना वास घ्यायला लावणारी मीच, आणि जुडी हातात धरल्यावर माझं तोंड कसं झालं होतं ते तुम्ही पाहिलं होतं. ते तोंड शास्त्राचं नव्हतं. हा वाद आपला अर्धाच राहिला. तुम्ही त्यानंतर पाल्याच्या जागी केळी लावल्यात आणि मला केळी पाठवलीत. मी खाल्ली.

पाळ्या ढिल्या पडायला लागल्या. लोक कामावर जाणार, पोरं न्हावा शेव्याला ट्रेलरवर, कुणी उरणला पाळीच्या नोकरीत. सकाळी वेळ नाही. मग एका घराने वाडीवरून चांगुणाला बोलावलं. चांगुणा म्हणजे आपल्याकडे भात लावायला यायची ती कातकरी बाई, पूर्वी पावसाळ्यानंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, हल्ली वर्षभर वाडीवरच असायची. बिचारी घमेलं घेऊन आली. तुम्ही जाळीपाशीच होतात. तुम्ही तिच्या हातातून दाताळं काढून घेतलंत, तिला परत पाठवलंत, आणि त्या घरासमोर जाऊन उभ्या राहिलात.  त्या घरचा पोरगा बूट घालून बाहेर आला. पुढे दोन-तीन घरांनी तसंच केलं आणि तुम्ही तसंच केलंत.

शिमग्यानंतरची माझी पाळी. हे गावाला गेले होते बहिणीकडे. दाताळं दारात उभं. मला नववीचे पेपर तपासायचे होते, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. मला तो वास सहन होत नाही आणि मला ते करताना कुणी बघू नये असं वाटत होतं. मी, जिने चित्र काढलं, जी पाहुण्यांना जिवाणूंची माहिती देते. मी चांगुणाला निरोप धाडला.

ती आली आणि तुम्ही तिला परत पाठवलंत. मी ओटीवरून पाहत होते. सगळ्या आळीने ऐकलं, तुम्ही तिला काय म्हणालात ते. आवाज वाढवला नव्हतात तरी ऐकू आलं. "तुजा घर या गटाराला जोडलाय का? वाडीवर अजून नल नाय, मोरी नाय. मंग तुजी पाली कशी गो?"

मग तुम्ही माझ्या ओटीपाशी आलात. मला वाटलं होतं तुम्ही इतर घरांसमोर उभ्या राहायच्यात तशा उभ्या राहाल आणि मी लाजेने उतरेन. पण तुम्ही उभ्या राहायच्या आधीच मी बोलायला लागले. मी म्हटलं की तुमचं तत्त्व तुमच्याजवळ ठेवा, तिच्या हातचं काम गेलं त्याचं काय. तुम्हाला बरं आहे, तुमचा मुलगा कमावतो. तिला आज रोज मिळाला असता. तुमचा मोठेपणा गरिबाच्या पोटावर पाय देऊन उभा आहे, असंही म्हटलं. वाक्य चांगलं जमलं होतं. वर्गात असतं तर मी ते फळ्यावर लिहिलं असतं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दाताळं उचललंत आणि गेलात. माझी पाळी तुम्हीच काढलीत.

त्यानंतर आपलं बोलणं बंद झालं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन जावा, आठ महिने. माझी मुलगी इकडचं तिकडे करायची. दिवाळीचा फराळ तिच्या हाती आला, तिच्याच हाती गेला. आणि दाताळं माझ्या दारात यायचं बंद झालं. क्रमाने आधी तुमचं घर, मग माझं, मग दत्तूभाऊंचं. तुम्ही तुमच्या पाळीनंतर दाताळं तुमच्याच पडवीत ठेवायच्यात, दुसऱ्या दिवशी माझी पाळीही स्वतःच काढायच्यात, आणि संध्याकाळी ते थेट दत्तूभाऊंच्या दारात. माझं दार मधल्या मध्ये गाळलेलं. ह्यांनी एकदा विचारलं, आपली पाळी आता येत नाही का. मी म्हटलं, तुमच्या वहिनीला विचारा. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही नाही. पहिल्या वेळी मला अपमान वाटला. दुसऱ्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या वेळेपासून मी विसरले. हे लिहायला मला फार जड जातंय, पण मी विसरले, बाय.

तुम्ही गेलात तो मंगळवार. मी शाळेत पहिल्या तासाला होते. तुमचा दिनेश सांगत होता, आई जाळी काढून आली, हातपाय धुतले, चहा घेऊन पडवीत टेकली, अर्धा कप राहिला. डॉक्टर म्हणाले हृदय. वय झालंच होतं, कुठेही झालं असतं, असं सगळे मला सांगतात, कारण माझ्यामुळे झालं, असं मी एकदा मोठ्याने म्हणून बसले. तिसऱ्या दिवशी दत्तूभाऊंची बायको भेटायला आली होती, सहज बोलून गेली की मंगळवारी संध्याकाळी दाताळं आमच्याकडे यायचं होतं, ते राहिलंच. मी बोटांवर मोजलं. सोमवार तुमचा. मंगळवार माझा.

त्यावर मला कुणी काही सांगू शकत नाही. मी विज्ञान शिकवते, मला कळतं की दाताळ्याने हृदय बंद पडत नाही. पण शेवटच्या सकाळी तुमच्या हातात माझी पाळी होती.

पुढची गंमत तुम्हाला आवडली असती. दाताळं तुमच्या पडवीत अडकलं. घराला सुतक. सुतकातली वस्तू उचलून दुसऱ्याने आपल्या दारात कशी न्यायची? आम्ही भाऊबंद, तर आम्हालाही सुतक. पनवेलच्या बाजारात अशी दाताळी ढिगाने मिळतात, पण एकालाही जाऊन दुसरं आणावंसं वाटलं नाही. दहा दिवस अख्ख्या आळीचं सांडपाणी एका खांबाला टेकून उभ्या असलेल्या काठीसाठी खोळंबलं. तुम्ही इतका पक्का नेम घालून दिला होतात की तुमच्याशिवाय तो मोडायचाही कुणाला सुचेना.

दहावा झाल्यावर देवळात माणसं जमली. सुतक फिटलं होतं, आता कुणी तरी दाताळं उचलायला हवं होतं. त्याऐवजी दत्तूभाऊ म्हणाले, झालं ते झालं, आता पाळ्याबिळ्या पुरे, ग्रामपंचायतीला अर्ज देऊ आणि चांगुणाला कायमची लावू. तिलाही आधार होईल. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम लिहितील अर्ज. शिमग्याला त्याच तर बोलल्या होत्या, तिच्या पोटाचं बघा म्हणून."

माझं जमलेलं वाक्य गावाने जपून ठेवलं होतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन कागद घेतला आणि तारखेच्या पुढे गेले नाही.

काल चांगुणा तुमच्याकडे भेटायला आली. दिनेश बाहेर गेला होता, म्हणून माझ्या ओटीवर बसली. मी चहा दिला. तुमच्या नावाने रडली थोडी. मग मी तिला विचारलं की हे जाळीचं काम कायमचं मिळालं तर घेशील का. आठ महिन्यांत मी तिला हे पहिल्यांदा विचारत होते. तुमच्याशी तिच्यासाठी भांडताना सुद्धा तिला विचारलं नव्हतं.

ती कप खाली ठेवून म्हणाली, "काम पायजेच बाई. पन ह्ये नाय. एकदा ह्ये हातात घेतला का तुमी मना भात लावाया बोलवाचे नाय. भांडी घासाया तर नायच. मंग मी जलमभर गटारवालीच."

 तीच पुढे बोलली. त्या दिवशी परत पाठवल्यावर तुम्ही दुपारी वाडीवर गेला होतात. तिला हेच विचारलंत आणि तिने हेच सांगितलं. मग तुम्ही तिला वालाच्या शेंगा तोडायला बोलावलंत, पुढे भात लावायला, आणि बुडालेला रोज भरून निघाला. वाडीवर नळ का नाही म्हणून पंचायतीत तीन वेळा जाऊन बसलात. यातलं मला काही माहीत नव्हतं. माझ्या घरापासून वाडी दहा मिनिटांवर आहे.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं तुझ्या बायने. एवढं तोंडावर सांगता आलं असतं त्यांना, की तू चुकतेस म्हणून.

चांगुणा म्हणाली, "मी बोलले बायला, मास्तरनीच्या दारात ठेव की दाताला. तर म्हनली, ठेवला तर ती परत तुलाच धाडंल, परत तुला मागं फिरावा लागंल. ती सोता मागाया येल, तवाच देन. येल ती, जरा टाइम लागंल तिला."

मी आठ महिने समजत होते की तुम्ही मला गाळलंत. तुम्ही वाट बघत होतात, बाय. रोज सकाळी माझ्या ओटीसमोरून जाताना तुमचा पाय किंचित थांबायचा, ते मी खिडकीतून पाहायचे आणि मला वाटायचं, बघा कशी ठसक्यात थांबते. कितीदा तुम्ही थांबल्या असाल. एकदा तरी मी बाहेर यायला हवं होतं.

आज सकाळी उजाडल्यावर मी तुमच्या पडवीत गेले. दिनेश ओटीवर होता, डोक्यावर नुकतीच केसांची खुंटं. त्याच्यासमोर मला लाज वाटली नाही. मी खांबापाशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "बाय, दाताळं द्या."  पोराला सगळं माहीत होतं बहुतेक. त्याने उठून दाताळं माझ्या हातात दिलं आणि स्वतः घमेलं घेऊन निघाला. मी त्याला परत बसवलं. म्हटलं, आज माझी पाळी आहे.

मला दोनदा ओकारी आली. तेही सांगून टाकते, नाही तर तुम्हाला वाटायचं मास्तरीन शूर झाली. अकरा दिवसांचं साचलेलं. भात, शांपूच्या पुड्या, साबणाचे तुकडे, तुमच्या तिरडीवरच्या झेंडूच्या पाकळ्या कुणाच्या तरी पदराला चिकटून मोरीत गेल्या असतील, त्या. माझे केस. मेंदीचे, थोडेच, आता पूर्वीइतके गळत नाहीत. मी जाळी काढत होते आणि रडत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटचा गठ्ठा निघाला तेव्हा पाण्याने हुश्श केल्यासारखा आवाज केला आणि टाकीकडे पळालं. गटारातली पातळी बोट-बोट उतरताना मी तिथेच उभी होते. शाळेला उशीर झाला. कर्दळीचे बुंधे काही ठिकाणी सुकलेत, बाकी मुळं धरून आहेत. उघाडीचं झाकण मी उचलून पाहिलं. बिजागरी गंजलीय, बदलीन.

दाताळं धुतलं आणि संध्याकाळची वाट न बघता दत्तूभाऊंच्या दारात उभं केलं. ते अंगणात दात घासत होते. माझ्या साडीकडे बघत राहिले, मग विचारलं, अर्ज झाला का लिहून. मी म्हटलं, "नाही लिहायची. दाताळं आलंय तुमच्याकडे. उद्या तुमची पाळी." त्यांनी चूळ भरली, दाताळ्याकडे बघितलं आणि आत बायकोला हाक मारून गमबूट कुठे ठेवलेत ते विचारलं.

हात तीनदा धुतले तरी वास गेलेला नाही. याच हाताने हे लिहितेय. उद्या तेरावं, तुमच्या जेवणाच्या पंगतीची भांडी घासली जातील आणि ते पाणीही जाळीवर येईल. सकाळची जाळी दत्तूभाऊ काढतील, हे पंगतीचं परवा त्यांच्या पुढचं घर. एकोणीस दिवसांनी दाताळं फिरून तुमच्या पडवीत येईल, आणि त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी दिनेश ते माझ्या दारात आणून ठेवेल. मध्ये अडवून धरायला आता तुम्ही नाही.